लॅपटॉप–डॅक–अ‍ॅम्प जोडणी : गुणगुण, टकटक आणि गाण्याची कापली जाणारी सुरुवात

निषाद
नमस्कार मंडळी. घरी गाणी ऐकण्यासाठीची जोडणी अशी आहे: लॅपटॉप (विंडोज, चार्जर तीन पिनचा) → यूएसबी डॅक (डिजिटल फाइलचे आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी डबी; वेगळा अडॅप्टर नाही, यूएसबीवरच चालतो) → दीड मीटरची आरसीए केबल (लाल-पांढऱ्या प्लगची) → स्टिरिओ अ‍ॅम्प (तीन पिनचा) → दोन स्पीकर. त्याच अ‍ॅम्पला टीव्हीही जोडला आहे. लक्षणे:

१. दोन्ही स्पीकरमधून सतत खालच्या सुरातली गुणगुण. व्हॉल्यूम वाढवला की तीही वाढते.
२. माउस हलवला किंवा पान सरकवले की बारीक किरकिर.
३. गाणे चालू असताना मधूनच 'टक्' असा आवाज, ठरावीक वेळाने नाही.
४. गाण्याचा पहिला अर्धा-एक सेकंद ऐकूच येत नाही.
५. ९६ किलोहर्ट्झ दराची (सेकंदाला ९६ हजार नमुन्यांची) फाइल लावली तरी डॅकच्या पडद्यावर ४८ दिसते.

केबल बदलावी की डॅक? की आधी आणखी काही तपासायचे?

---

तारयंत्री
निषाद, तूर्त काहीच विकत घेऊ नका. पाच लक्षणांमागे पाच बिघाड नाहीत. १ आणि २ बहुतेक एकाच कारणाची आहेत. ३ आणि ४ संगणकाच्या बाजूची दिसतात. ५ हा बिघाडच नाही, ती सेटिंगची बाब आहे. गुणगुणीपासून सुरू करू.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी ऐका. आरसीए काढण्या-घालण्याआधी अ‍ॅम्प बंद करा, निदान व्हॉल्यूम शून्यावर आणा. आरसीए प्लगची मधली पिन बाहेरच्या कड्याच्या आधी टेकते. त्या क्षणी अर्थ (अर्थिंगची बाजू) जोडलेला नसतो, त्यामुळे अ‍ॅम्प चालू असेल तर मोठा दणका बसतो. ट्वीटर (उंच सुरांचे छोटे स्पीकर) अशानेच जातात.

(क) डॅकची आरसीए अ‍ॅम्पच्या बाजूने काढा, सिलेक्टर त्याच इनपुटवर राहू द्या, व्हॉल्यूम पुन्हा नेहमीच्या जागी आणा. गुणगुण तशीच राहिली तर दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याला जोडलेल्या दुसऱ्या एखाद्या उपकरणात आहे.
(ख) आरसीए परत लावा आणि लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा, लॅपटॉप बॅटरीवर चालू द्या. गुणगुण गेली तर हे अर्थ लूप आहे, म्हणजे अर्थच्या दोन वाटांनी बनलेले वर्तुळ.
(ग) चार्जर परत लावा. आता टीव्हीकडून अ‍ॅम्पकडे येणारी वायर काढा. सेट-टॉप बॉक्सला बाहेरून येणारी कोअ‍ॅक्स केबल असेल तर तीही काढून पाहा. ती केबल स्वतःचा वेगळा अर्थ घेऊन घरात येते, आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.
(घ) डॅक यूएसबीतून काढा, पण आरसीए अ‍ॅम्पलाच राहू द्या. आवाज थांबला तर त्रास यूएसबीच्या बाजूने येतो आहे.

चारही निकाल इथे लिहा.

---

गांधार
यात माझाही प्रश्न जोडतो. माझ्याकडे डॅक नाही. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून ३.५ मिमी ते दोन आरसीए केबल थेट अ‍ॅम्पला जाते. वाद्ये ऐकू येतात, पण गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि सगळे पोकळ वाटते. ड्रायव्हर पुन्हा टाकू का?

---

मंद्र
ड्रायव्हरचा संबंध नाही, गांधार. जॅकचा अर्थ सुटला आहे.

३.५ मिमी प्लगवर टोक म्हणजे डावा चॅनेल, मधले कडे म्हणजे उजवा आणि मागचा दांडा म्हणजे अर्थ. दांड्याचा संपर्क तुटला की दोन्ही चॅनेलना परतीचा रस्ता उरत नाही. ते एकमेकांतूनच वाट काढतात आणि स्पीकरला मिळतो फक्त डाव्या-उजव्यातला फरक. गायक सहसा दोन्ही चॅनेलमध्ये सारखाच ध्वनिमुद्रित केलेला असतो, म्हणून तो वजा होऊन जातो. बाजूला ठेवलेली वाद्ये आणि प्रतिध्वनी तेवढे शिल्लक राहतात.

खात्री करायची असेल तर मोनो ध्वनिमुद्रण लावा. जवळजवळ शांतता पसरली तर निदान पक्के.

मग हे पाहा: प्लग शेवटपर्यंत आत गेला आहे का? लॅपटॉपला कव्हर असेल तर प्लगची जाड मूठ कव्हरला अडते आणि प्लग एखादा मिलिमीटर बाहेर राहतो. सॉकेटमध्ये कापसाचा पुंजका साचला असेल तर लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढा, धातूची सुई घालू नका. प्लगवर दोन काळ्या रेघा हव्यात. तीन रेघा असतील तर ती माइकसह असलेल्या हेडसेटची चार संपर्कांची केबल आहे, आणि तिची अर्थ व माइक यांची मांडणी उलट असेल तर नेमके हेच लक्षण दिसते. शेवटी मल्टिमीटर ओहमवर ठेवून तपासा: टोक ते पांढऱ्या आरसीएची मधली पिन, कडे ते लाल आरसीएची मधली पिन, दांडा ते दोन्ही आरसीएची बाहेरची कडी. प्रत्येक ठिकाणी एक ओहमच्या आत यायला हवे. हे करताना केबल प्लगजवळ वाकवत राहा, कारण तार तुटते ती तिथेच.

---

निषाद
तारयंत्रीकाका, निकाल: (क) आवाज बंद. (ख) बॅटरीवर गुणगुणही गेली आणि माउसची किरकिरही. (ग) काही फरक नाही. (घ) आवाज बंद. म्हणजे अर्थ लूपच ना? पण अर्थिंग असूनही आवाज का यावा, हे कळत नाही.

---

तारयंत्री
हो, अर्थ लूपच. अर्थिंग आहे म्हणून, आणि ते दोन वाटांनी आहे म्हणून आवाज येतो.

वाट पाहा: चार्जरचा अर्थ → लॅपटॉपची बॉडी → यूएसबीचा अर्थ → डॅक → आरसीएची शिल्ड → अ‍ॅम्पची बॉडी → अ‍ॅम्पचा अर्थ → भिंतीतल्या वायरमधून परत चार्जरकडे. वर्तुळ पूर्ण झाले. दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असला तरी या वर्तुळात प्रवाह फिरतो. आरसीएची शिल्ड हे निव्वळ आवरण नसते, संगीताच्या सिग्नलची परतीची तारही तीच असते. तिच्या थोड्याशा रोधावर जो दाब पडतो तो थेट सिग्नलमध्ये मिसळतो आणि अ‍ॅम्प त्याला संगीत समजून वाढवतो.

आकडा पाहिला की गांभीर्य कळेल. डॅकचा पूर्ण सिग्नल साधारण २ व्होल्ट असतो. शिल्डवर फक्त १ मिलिव्होल्ट पडला तर गुणगुण पूर्ण सिग्नलच्या ६६ डेसिबल खाली बसते. शांत खोलीत, संथ आलाप चालू असताना, ती स्पष्ट ऐकू येते. आरसीएचे कडे काळवंडले असेल तर रोध वाढतो, म्हणून प्लग नुसता फिरवला तरी गुणगुण कमी-जास्त होते. कडी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसून घ्या, पण त्याने लूप तुटत नाही.

माउसची किरकिर त्याच वर्तुळातून येते. प्रोसेसर आणि ग्राफिक्सचे काम बदलले की लॅपटॉप खेचत असलेला प्रवाह बदलतो, आणि त्याचे पडसाद यूएसबीच्या अर्थवरून शिल्डवर येतात.

उपाय या क्रमाने करा:

पहिला, फुकटचा. लॅपटॉपचा चार्जर, अ‍ॅम्प आणि टीव्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, शेजारशेजारच्या सॉकेटांत लावा. दोन अर्थमधला फरक जवळजवळ नाहीसा होतो. बरीच प्रकरणे इथेच मिटतात.

दुसरा, ऑप्टिकल. संगणकाला आणि डॅकला दोघांनाही चौकोनी ऑप्टिकल सॉकेट असेल तर यूएसबी सोडून द्या. प्रकाशातून वीज वाहत नाही, त्यामुळे वर्तुळ मुळातूनच तुटते. मात्र मग डॅकला स्वतःचा अडॅप्टर लागेल. केबलच्या दोन्ही टोकांची प्लास्टिकची टोपणे काढायला विसरू नका आणि केबल घडी पडेल अशी वाकवू नका. २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंत सहसा अडचण येत नाही. त्यापुढे प्रत्येक जोडी चालेलच असे नाही.

तिसरा, यूएसबी आयसोलेटर, म्हणजे माहिती जाऊ देणारी पण दोन्ही बाजूंमधली विजेची वाट तोडणारी डबी. यात एक मेख आहे, ती पुढे सांगतो.

चौथा, आरसीएच्या मधे बसणारे लाइन ट्रान्सफॉर्मर. स्वस्त डबीतले ट्रान्सफॉर्मर लहान असतात. मोठ्या आवाजात खालचे सूर आले की त्यांचा गाभा संपृक्त होतो, पखवाजाचा घुमारा मऊ पडतो. वापरायचेच असतील तर अ‍ॅम्पच्या टोकाला बसवा.

आणि एक गोष्ट कधीही करू नका: अर्थची पिन कापणे, तिच्यावर टेप लावणे किंवा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अडॅप्टरमधून लावणे. गुणगुण जाईल, पण अ‍ॅम्पच्या आत कधी फेज बॉडीला टेकला तर फ्यूज उडण्याऐवजी बॉडी, आरसीए आणि लॅपटॉप सगळेच जिवंत होतील. महाजालावर हा सल्ला सर्रास दिसतो. तो जीव घेऊ शकतो.

---

खर्ज
आयसोलेटरची मेख मी सांगतो.

बरेच आयसोलेटर फक्त 'फुल स्पीड' म्हणजे १२ मेगाबिटचे असतात. १२ मेगाबिटमध्ये २४ बिट १९२ किलोहर्ट्झ बसायला हवे असे वाटते, कारण त्याला सुमारे ९.२ मेगाबिट लागतात. पण फुल स्पीडमध्ये ऑडिओसाठी दर मिलिसेकंदाला एका पाकिटात जास्तीत जास्त १०२३ बाइट जातात. १९२ किलोहर्ट्झ, ३ बाइट, २ चॅनेल म्हणजे मिलिसेकंदाला ११५२ बाइट. नाही बसत. ९६ किलोहर्ट्झला ५७६ लागतात, ते आरामात बसते.

तेव्हा ९६ पर्यंतच ऐकत असाल तर फुल स्पीडचा आयसोलेटर पुरे. पण काही डॅक कमी वेगावर सुरूच होत नाहीत, त्यांना ४८० मेगाबिटचा 'हाय स्पीड' आयसोलेटर लागतो. तो महाग असतो.

दुसरी अडचण विजेची. निषाद यांचा डॅक यूएसबीवरच चालतो. आयसोलेटर पलीकडच्या बाजूला किती मिलिअँपिअर देतो आणि डॅक किती मागतो, हे दोन्हींच्या माहितीपत्रकात पाहा. कमी पडले तर डॅक मोठ्या आवाजात मधेच बंद होतो किंवा संगणकाला दिसतच नाही, आणि लोक ड्रायव्हर बदलत बसतात.

---

गांधार
मंद्र, कव्हरच अडत होते. कव्हर काढल्यावर गायक परत आला. पण मलाही थोडी गुणगुण आहे आणि माझा चार्जर तर दोन पिनचा आहे. अर्थच नाही, मग लूप कुठून?

---

तारयंत्री
दोन पिनच्या चार्जरमध्ये लूप नसतो, गळती असते. रेडिओ-व्यत्यय दाबण्यासाठी चार्जरमध्ये भिंतीकडची बाजू आणि लॅपटॉपकडची बाजू यांच्यामध्ये एक लहान कपॅसिटर असतो. त्यातून अगदी थोडा प्रवाह सतत गळतो. लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवरून बोटाची मागची बाजू फिरवली तर झिणझिण जाणवते ती हीच. या प्रवाहाला अ‍ॅम्पच्या अर्थपर्यंत जायला एकच वाट आहे, तुमच्या केबलची शिल्ड.

आरसीए काढलेली असताना मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून केबलचे कडे आणि अ‍ॅम्पचे कडे यांच्यात मोजा. वीजपुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास आकडा दिसला तरी घाबरू नका. मीटर जवळजवळ प्रवाह खेचत नाही म्हणून तो तसा दिसतो. तीन पिनवाल्या जोडणीत हाच आकडा मिलिव्होल्टमध्ये येतो. दोन्हींतला फरक ओळखायची ही सोपी खूण.

उपाय: त्याच चार्जरला भिंतीकडची तीन पिनची वायर बसत असेल आणि त्यात अर्थ खरोखर पुढे जात असेल तर ती वापरा. नसेल तर गळतीला शिल्डपेक्षा सोपा रस्ता द्या. अ‍ॅम्पच्या मागे बऱ्याचदा टर्नटेबलसाठी (रेकॉर्ड प्लेअरसाठी) अर्थचा स्क्रू असतो. तिथून एक जाड, लवचीक तार लॅपटॉपच्या एखाद्या रिकाम्या पोर्टच्या धातूच्या कडेपर्यंत न्या. जुन्या यूएसबी केबलचा प्लग कापून फक्त त्याच्या बाहेरच्या धातूच्या आवरणाला तार जोडली की काम होते. आतल्या चार तारा एकमेकींपासून वेगळ्या करून इन्सुलेट करायच्याच, कारण त्यात ५ व्होल्टची तार असते.

आणि केबल 'फोनो' लिहिलेल्या इनपुटला नाही ना, तेही पाहा. ते इनपुट टर्नटेबलच्या सुईच्या कार्ट्रिजमधून येणाऱ्या काही मिलिव्होल्ट सिग्नलसाठी असते. तिथे ४० डेसिबलच्या आसपास वाढ होते आणि खालचे सूर मुद्दाम फुगवले जातात. संगणकाचा आवाज तिथे फाटका आणि बोदा येतो.

---

खर्ज
आता निषाद यांची ३, ४ आणि ५.

टकटक: आधी ती नियमित आहे की अनियमित ते ठरवा. तुमची अनियमित आहे, म्हणजे डॅकला वेळेवर माहिती पोचत नाही. संगणक क्षणभर दुसऱ्या कामात अडकतो आणि बफर (पुढच्या आवाजाचा तात्पुरता साठा) रिकामा पडतो. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे जेमतेम ५.८ मिलिसेकंद, २०४८ चा म्हणजे सुमारे ४६. कमी बफर गाणाऱ्याला किंवा वाजवणाऱ्याला हवा असतो. नुसते ऐकायचे असेल तर डॅकच्या कंट्रोल पॅनेलमध्ये मिळेल तेवढा मोठा ठेवा. प्ले दाबल्यावर किंचित उशीर झाला तरी काही बिघडत नाही.

मग पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. डॅक हबमधून काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा आणि बाहेरची हार्ड डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टला. तरी टकटक राहिली तर लेटन्सीमॉन हे साधन दहा मिनिटे चालवा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून ठेवतो ते त्यात नावानिशी दिसते. वाय-फायचा ड्रायव्हर त्यात वारंवार सापडतो. खात्रीसाठी वाय-फाय बंद करून डिस्कवरचे गाणे ऐका.

नियमित टकटकीचे कारण वेगळे असते. दोन उपकरणांची घड्याळे स्वतंत्र चालतात तेव्हा ती येते. घड्याळांत दहा लाखांत ५० चा फरक असेल तर ४४.१ किलोहर्ट्झला सेकंदाला २.२ नमुने घसरतात. ५१२ नमुन्यांची शिल्लक सुमारे चार मिनिटांत संपते आणि 'टक्' होते. असिंक्रोनस यूएसबी डॅकमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिथे डॅकचे घड्याळ मुख्य असते आणि संगणक त्याच्या मागणीप्रमाणे माहिती पाठवतो.

सुरुवात कापली जाणे: शांतता झाली की डॅककडे जाणारा माहितीचा प्रवाह थांबतो. नवा प्रवाह आला की डॅक त्याच्या घड्याळाला जुळेपर्यंत आवाज दाबून ठेवतो, म्हणजे स्पीकरला दणका बसत नाही. डॅकचा हा चांगुलपणाच आहे. वेगवेगळ्या दराची गाणी एकामागून एक लावली की दर वेळी हे होते. काही प्लेअरमध्ये गाण्याआधी थोडी शांतता वाजवायची सोय असते, ती एक सेकंदावर ठेवा.

४८ दिसणे: विंडोजचा मिक्सर सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एका दरावर आणून मिसळतो. तो दर साउंड सेटिंगमध्ये डॅकच्या प्रॉपर्टीजमध्ये ठरलेला असतो. प्लेअरमध्ये आउटपुट म्हणून 'वासापी एक्सक्लुझिव्ह' निवडा, म्हणजे मिक्सर बाजूला होतो आणि फाइलचा दर जसाच्या तसा डॅककडे जातो. त्या वेळी बाकी प्रोग्रॅमचे आवाज बंद राहतील, ते अपेक्षितच आहे. मॅकवर हाच दर 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये बदलतात.

एक इशारा: एक्सक्लुझिव्हमध्ये विंडोजचा व्हॉल्यूम लागू होईलच असे नाही. पहिल्यांदा प्ले करण्याआधी अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम अगदी खाली आणा.

---

निषाद
सगळे प्लग एका बोर्डवर आणले. गुणगुण स्पीकरला कान लावला तरच कळते, किरकिर गेली. बफर वाढवून आणि सस्पेंड बंद करून टकटक थांबली. पडद्यावर आता ९६ येते. उरला फक्त बारीक 'स्स्स' आवाज. शिवाय विंडोजचा व्हॉल्यूम ४० वर ठेवून अ‍ॅम्प तीन-चतुर्थांश फिरवावा लागतो.

---

मंद्र
दोन्ही तक्रारी एकच आहेत. स्रोत दबका आणि अ‍ॅम्प चढा, त्यामुळे जोडणीतला मूळ फुसफुसाट संगीताबरोबर वाढतो. विंडोज आणि प्लेअर दोन्ही १०० वर न्या आणि आवाज अ‍ॅम्पवरूनच कमी-जास्त करा. अपवाद एकच: प्लेअरमध्ये इक्वलायझर चालू असेल तर त्याचा प्रीअ‍ॅम्प सर्वांत वर उचललेल्या पट्ट्याइतका खाली घ्या. पट्टा ४ डेसिबल वर असेल तर प्रीअ‍ॅम्प उणे ४. नाहीतर जोरकस तान आली की आवाज फाटेल.

त्यानंतरही 'स्स्स' राहिला तर अ‍ॅम्पच्या सगळ्या इनपुट वायर काढून ऐका. तसाच राहिला तर तो अ‍ॅम्पचा स्वतःचा आहे. ऐकण्याच्या जागेवर बसून तो कानी पडत नसेल तर त्यावर काही करायची गरज नाही.

---

खर्ज
पुढे हे वाचणाऱ्यांसाठी, आवाज अजिबातच येत नसेल तर: मॉनिटर किंवा टीव्ही एचडीएमआयने जोडला की विंडोज पुष्कळदा त्यालाच आवाजाचे मुख्य उपकरण ठरवते. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून डॅक पुन्हा निवडा. ऑप्टिकलला लाल प्रकाश दिसतो पण आवाज नाही, असे असेल तर पाठवणाऱ्या उपकरणात आउटपुट 'डॉल्बी' किंवा 'बिटस्ट्रीम'वर असेल, ते 'स्टिरिओ पीसीएम' करा. साधा स्टिरिओ डॅक पीसीएमच (न आवळलेला डिजिटल आवाज) समजतो. आणि ब्लूटूथ हेडफोनवर संगीत अचानक टेलिफोनसारखे झाले तर एखाद्या प्रोग्रॅमने हेडफोनचा माइक उघडला आहे. तो प्रोग्रॅम बंद करा किंवा त्याला लॅपटॉपचा माइक द्या.